ब्रिटनच्या घरांतील हीटिंगचे पाईपकाम : आधी कारण शोधा, मग पाना उचला

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घर गरम ठेवणे ही चैन नाही, ती गरज आहे. तेथे घराघरांत बॉयलर असतो. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या जोरावर खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरते, खोलीला ऊब देते आणि निवून परत बॉयलरकडे येते. यालाच सेंट्रल हीटिंग म्हणतात. कोकणातून गेलेली अनेक मुस्लिम कुटुंबे त्या देशात स्थायिक झाली आहेत, आणि नळकामाचा हुन्नर हातात असलेले आपले तरुण परदेशी कामाच्या शोधात असतातच. म्हणून या कामाची थोडी तपशिलात माहिती आम्ही देत आहोत.

आजकाल तेथे बहुतेक नव्या कामांत बंद पद्धतीची, म्हणजे दाबाखाली चालणारी हीटिंग बसवली जाते. पण जुन्या घरांत माळ्यावर छोटी टाकी असलेली उघडी पद्धत अजून टिकून आहे. तिच्या दुरुस्तीत भाग बदलण्यापेक्षा निदान महत्त्वाचे. पंप बदलला, वॉल्व बदलले, गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि आठ दिवसांत तीच तक्रार पुन्हा आली, असे होते ते बहुधा पाईपकामाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

टाकी, भरणा नळी आणि हवानळी

माळ्यावरच्या टाकीत बॉलकॉक असतो. टाकीतून साधारण 15 मिलिमीटरची नळी खाली येऊन हीटिंगच्या पाईपला मिळते. ही भरणा नळी. दुसरी, किमान 22 मिलिमीटरची नळी हीटिंगच्या पाईपमधून वर चढते आणि वाकून टाकीच्या तोंडावर उघडी सुटते. ही हवानळी. आपल्याकडे गच्चीवरच्या सोलर हीटरला जी उभी, वर उघडी नळी असते, तिचे आणि हिचे काम एकाच जातीचे आहे : वाफेला आणि हवेला मोकळी वाट देणे.

पाणी तापले की फुगते. 100 लिटर गार पाणी 80 अंशांपर्यंत तापवले तर ते सुमारे 3 लिटरने वाढते. हे वाढलेले पाणी भरणा नळीतून टाकीत चढते आणि निवल्यावर खाली उतरते. म्हणून पाणी गार असताना टाकी काठोकाठ भरून ठेवू नये. बॉलकॉक खाली ठेवावा, म्हणजे वर जागा राहील. नाहीतर रोज तापल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर वाहील.

एक गोष्ट जन्मभर ध्यानात ठेवावी. हवानळीवर कधीही वॉल्व बसवू नये, तिचे तोंड कधीही बंद करू नये. भरणा नळी गाळाने तुंबली आणि हवानळीही कोणी बुजवली, तर तापलेल्या पाण्याला वाटच उरत नाही. कोळशावर चालणाऱ्या बॉयलरच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर, कारण आग बटण दाबून विझत नाही. येथे गिऱ्हाइकाच्या पैशाचा नाही, जिवाचा प्रश्न असतो.

क्रम चुकला की सारे चुकले

बॉयलरमधून निघणाऱ्या पाईपवर आधी हवानळी, मग भरणा नळी, मग पंप, हा क्रम असावा. हवानळी आणि भरणा नळी यांच्या जोडांत 150 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नसावे. कारण समजून घेतले तर नियम पाठ करावा लागत नाही. भरणा नळी जेथे जोडली आहे, तेथे पाण्याचा दाब टाकीच्या उंचीने ठरतो. पंप चालू असो वा बंद, तो बदलत नाही. पंपाच्या पुढे दाब वाढतो आणि मागे घटतो. हवानळी भरणा नळीच्या शेजारीच असली म्हणजे तिच्या तोंडाशी पंपाचा जोर पोचत नाही.

आता दोघींच्या मध्ये पंप बसवला तर काय होते पाहा. हवानळी पंपाच्या पुढे पडली तर गरम पाणी तिच्यातून उसळून टाकीत पडते. ती पंपाच्या मागे आणि भरणा नळी पुढे असली तर पंप हवानळीतून हवा ओढतो. दोन्ही वेळी पाण्यात हवा मिसळते, रेडिएटर आतून गंजतात आणि गिऱ्हाईक दर आठवड्याला हवा सोडत बसते.

हे तपासण्याची जुनी युक्ती सोपी आहे. माळ्यावर जाऊन हवानळीच्या वाकलेल्या तोंडाखाली पाण्याने भरलेला कप असा धरावा की तोंड पाण्यात बुडेल. खाली कोणाला तरी पंप सुरू करायला सांगावे. कपातले पाणी वर ओढले गेले तर हवा आत जात आहे. नळीतून पाणी येऊन कप सांडू लागला तर पाणी वर फेकले जात आहे. पाणी गरम असू शकते, म्हणून हात सांभाळावा.

पाणी उसळत असेल तर आधी पंपाचा वेग एका पायरीने कमी करून पाहावा. त्याने थांबले नाही तर भरणा नळी तुंबली आहे का ते तपासावे. तीही मोकळी असेल तर पाईपांचा क्रम बदलणे हाच इलाज. हवानळीचे वळण टाकीतल्या पाण्यापासून सुमारे 450 मिलिमीटर उंच आहे ना, हेही पाहावे.

काळा गाळ

रेडिएटर पोलादाचे असतात. आतल्या गंजाचा काळा, बारीक गाळ तयार होतो आणि तो लोहचुंबकाला चिकटतो. हा गाळ सर्वांत आधी जमतो तो भरणा नळी गरम पाईपला मिळते त्या टी-जोडावर. पाईप तांब्याचा असेल तर एक छान परीक्षा आहे. तांब्याला चुंबक चिकटत नाही. टी-जोडावर चुंबक चिकटला, तर आत गाळ बसला आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा अशी. बॉयलर बंद करून निवू द्यावा. टाकीचा बॉलकॉक वर बांधून ठेवावा आणि तळमजल्यावरच्या ड्रेन कॉकमधून थोडे पाणी सोडावे. टाकीतले पाणी उतरत गेले तर नळी मोकळी. पाणी जागचे हलले नाही, किंवा अगदी सावकाश उतरले, तर नळी तुंबलेली.

तुंबलेल्या जोडात तार घालून तात्पुरता रस्ता करता येतो, पण तो फार दिवस टिकत नाही. पाणी काढून तेवढा भाग कापून नवा बसवावा. मग सारी पाईपव्यवस्था स्वच्छ पाणी फिरवून धुऊन घ्यावी आणि गंज रोखणारे रसायन योग्य प्रमाणात टाकावे. धुतल्याशिवाय रसायन टाकणे म्हणजे मळक्या कपड्याला नीळ लावणे.

रेडिएटर काय सांगतो

रेडिएटर वरून गार आणि खाली गरम असेल तर आत हवा आहे. खाली किंवा मधोमध गार आणि कडेला गरम असेल तर गाळ आहे. बॉयलरजवळचे रेडिएटर चटके देत आहेत आणि लांबचे गार आहेत, तर पाण्याची वाटणी बिघडली आहे. अशा वेळी जवळच्या रेडिएटरचे दुसऱ्या बाजूचे झाकलेले वॉल्व थोडे आवळावेत. जुन्या पद्धतीच्या कामात रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या आणि निघणाऱ्या पाण्यात 11 अंशांच्या आसपास फरक धरतात. तो मोजून वॉल्व लावावेत, अंदाजाने नाही.

हवा सोडताना पंप बंद असावा. वारंवार साचणारी ती हवा नेहमी हवाच असते असेही नाही. गंजण्यातून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. म्हणून हवा सोडताना जवळ विडी, काडी, मेणबत्ती नसावी.

लपलेली गळती

उघड्या पद्धतीत गळती सहज लपते. थेंबथेंब गळते, टाकी गुपचूप भरून घेते, महिनोन्‌महिने कोणाला पत्ता लागत नाही. दरम्यान ताज्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू आत जातो आणि रसायन पातळ होत जाते. संशय आला तर बॉयलर निवलेला असताना टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खूण करावी, बॉलकॉक बांधावा आणि रात्रभर थांबावे. सकाळी पातळी उतरली असेल तर गळती शोधावी. जमिनीत गाडलेले पाईप विशेष तपासावेत.

काम संपल्यावर पाणी सावकाश भरावे. खालच्या मजल्यावरचे रेडिएटर आधी, वरचे मागून, असे हवा सोडत जावे. घाईने भरले की हवेची गाठ अडकते आणि दिवसभराचे काम वाढते.

कायदा आणि इमान

गॅसच्या कामाला हात लावण्यापूर्वी कायदा पाहावा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये 1 एप्रिल 2009 पासून गॅस सेफ रजिस्टर ही अधिकृत नोंदवही आहे. तिच्यात नोंद नसलेल्याने मोबदला घेऊन गॅसचे काम करणे गुन्हा ठरतो. रेडिएटर आणि पाण्याचे पाईप ही वेगळी बाब, पण बॉयलरचे झाकण उघडायचे असेल तर नोंदलेला माणूस बोलवावा. तेथे कामाला जाणाऱ्याने हे प्रशिक्षण आणि ही नोंद हेच आपले खरे भांडवल समजावे.

शेवटी धंद्याची गोष्ट. गिऱ्हाइकाला माळ्यावर काय आहे ते दिसत नाही, पाईपच्या पोटात काय आहे तेही दिसत नाही. त्याला दिसते फक्त बिल. म्हणून कापलेल्या टी-जोडातला काळा गाळ त्याला दाखवावा, चुंबक चिकटवून दाखवावा आणि काय केले ते चार ओळींत लिहून द्यावे. पंप चांगला असेल तर तो चांगला आहे असे सांगावे, जरी नवा पंप विकण्यात चार पैसे सुटत असले तरी. थंडीच्या रात्री ज्याचे घर एकाच फेरीत गरम झाले, तो पुढच्या वर्षी दुसऱ्याचा पत्ता शोधत नाही. तो शेजाऱ्यालाही आपलाच पत्ता देतो.