‘अस्पर्शन’ : अर्थ आणि उपयोग

इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्या शिक्षकास ‘अस्पर्शन’ हा शब्द वरचेवर आढळतो. उच्चारावरून त्याचा संस्कृत ‘स्पर्श’ शब्दाशी संबंध असावा असे वाटण्याचा संभव आहे. परंतु तसे नाही. ‘शिंपडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला आहे. सुमारे १६११ साली लिहिलेल्या ‘द टेंपेस्ट’ या नाटकात शेक्सपिअरने तो आकाशातून होणाऱ्या मंगल सिंचनास उद्देशून योजिला आहे. ख्रिस्ती धर्मविधीत पवित्र जल शिंपडण्याच्या क्रियेसही हेच नाव आहे.

आज मात्र त्याचा रूढ अर्थ निराळा आहे. एखाद्याच्या शीलावर वा सचोटीवर आधारावाचून घेतलेला आक्षेप, म्हणजे ‘अस्पर्शन’ होय. मराठीतील ‘शिंतोडे उडविणे’ या वाक्प्रचारात नेमकी हीच कल्पना आहे.

हा शब्द बहुधा अनेकवचनी येतो. त्यापूर्वी ‘कास्ट’ हे क्रियापद व नंतर ‘ऑन’ हे अव्यय योजावे. ‘डोन्ट कास्ट अस्पर्शन्स ऑन हिज ऑनेस्टी’, म्हणजे ‘त्याच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडवू नका’.

‘क्रिटिसिझम’ म्हणजे टीका. तिच्याशी याची गल्लत करू नये. टीकाकार दोष दाखवितो व त्याची कारणेही देतो. शिंतोडे उडविणारा पुष्कळदा स्पष्ट आरोपही करीत नाही; नुसते सुचवितो. त्यामुळे ज्याच्यावर ते उडतात त्यास उत्तर देणे कठीण जाते.

हा भेद शाळेतही उपयोगी आहे. ‘या मुलाने तीन दिवस गृहपाठ आणला नाही’, हा शेरा वहीवरून पडताळता येतो. परंतु वर्गात कोणाची कंपासपेटी हरवली असता, ‘याच्या घरचे वळणच तसे’, असे गुरुजी एखाद्या मुलाकडे पाहून म्हणाले, तर ते अस्पर्शन झाले. पेटी पुढे मालकाच्याच दप्तरात सापडली, तरी सोबती त्या मुलास चोर म्हणावयाचे थांबतीलच असे नाही. अशा वेळी ज्या वर्गासमोर तो शब्द उच्चारला गेला, त्याच वर्गासमोर गुरुजींनी आपली चूक मान्य करणे उचित होय.

ही दोन्ही मराठी वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि त्यांपैकी कोणते पडताळता येते, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.