गरम लोखंड खोटे बोलते

हाताला काळे लागणे हे आपल्या समाजात अजूनही फारसे भूषणाचे मानले जात नाही. मुलगा शिक्षक झाला, तलाठी झाला, निदान कारकून झाला, की आईवडील पेढे वाटतात. तो कारखान्यात उमेदवारीस लागला, तर शेजाऱ्यांना सांगताना त्यांचा स्वर किंचित खाली येतो. 1984 साली भालकी, औराद आणि बिदर या तालुक्यांतून आम्ही सहा मुले नौबादच्या एका कारखान्यात मशिनिस्टच्या उमेदवारीस आलो, तेव्हा आमच्या घरीही हेच घडले. आय.टी.आय.ची दोन वर्षे संपली होती. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार आता एक वर्ष प्रत्यक्ष कामावर शिकावयाचे होते. विद्यावेतनही मिळणार होते. काम आपणांस येतेच, केवळ कागद हाती पडावयाचा राहिला आहे, अशी आमची समजूत होती.

ती समजूत पहिल्याच आठवड्यात गळून पडली. उस्तादांनी आमच्या हाती यंत्र दिले नाही, कानस दिली. लोखंडाचा ठोकळा वाईसमध्ये धरावयाचा आणि त्याची एक बाजू सपाट करावयाची. मग त्यावर गुण्या ठेवून तो उजेडाकडे धरावयाचा. मधून प्रकाशाची रेघ दिसली, की पुन्हा कानस. तळहातांस फोड आले, ते फुटले, तरी रेघ दिसतच होती. ती नाहीशी झाली त्या दिवशी उस्ताद एवढेच म्हणाले, “अब हाथ आया.”

घरी आम्ही मराठी बोलत असू, बाजारात कन्नड, उस्तादांशी दखनी. आणि पुस्तकातले शब्द सारे इंग्रजी. ज्या लेथवर आम्ही शिकलो तो हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा होता. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून 1910 साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणरावांच्या घराण्याने 1941 साली कन्नड मुलखात लेथचा हा कारखाना उभारला. पुढे तो बंद पडला. पण त्या लेथवरील मराठी नाव पाहून आम्हांस त्या परक्या वाटणाऱ्या शेडमध्ये धीर येई, हे खरे.

मशिनिस्टचा सारा संसार मायक्रोमीटरवर चालतो. त्याचा स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो आणि फिरणाऱ्या नळीवर 50 भाग आखलेले असतात. म्हणजे एक भाग हा मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. माणसाचा केससुद्धा याच्या पाच-दहा पट जाड! एवढ्या अंतरात चूक होऊ शकते, यावर आरंभी आमचा विश्वासच बसत नव्हता. तो एप्रिलमध्ये बसला.

पंपाचे बारा शाफ्ट उतरवावयाचे काम आम्हांकडे आले होते. बेअरिंग बसावयाच्या जागी व्यास 50 मिलिमीटर; वर दोन शतांशांपर्यंत चालेल, खाली मुळीच नाही. जेवणाच्या सुटीपूर्वी काम आटोपावे म्हणून आम्ही साबणाचे पाणी हात राखून सोडले, कापही जाड घेतला. शाफ्ट हातास चटका देत होते. तसेच मोजले, माप अचूक! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजून पाहिले, तर बाराही शाफ्ट मापाखाली उतरलेले.

आमच्यांत वाद झाला. “पेटीत भरून टाकू, तपासणारा थोडेच सगळे मोजतो?” असे एकाने सुचविले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हां सर्वांच्या मनात तेच होते. विद्यावेतन कापले जाईल, शेरा वाईट पडेल, घरी काय सांगावयाचे? पाव घटका कोणी बोलले नाही. अखेर आम्ही पेटी उचलून उस्तादांपुढे नेली.

ते रागावले नाहीत. त्यांनी एक बेअरिंग शाफ्टवर ठेवले. ते आपल्याच भाराने घसरत खाली आले. “गरम लोहा झूट बोलता, बेटा,” ते म्हणाले. 50 मिलिमीटरचे पोलाद 40 अंशांनी तापले, की सुमारे दोन शतांश मिलिमीटर फुगते. म्हणूनच जगभर मापे 20 अंश सेल्सियसची धरतात. हे आमच्या पुस्तकात होते. आम्ही ते पाठही केले होते. “हा पंप कुणाच्या तरी विहिरीवर बसला असता,” ते पुढे म्हणाले, “आणि ऐन उन्हाळ्यात बंद पडला असता.” त्या नुकसानीबद्दल वरच्यांची बोलणी उस्तादांनी खाल्ली. आमच्यापैकी एकाचेही नाव त्यांनी सांगितले नाही. ती बोलणी आम्ही दाराआडून ऐकली. त्याहून मोठी शिक्षा आम्हांस कोणी करू शकले नसते.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हांस नौबादचा करेज दाखविला. लोक त्यास सुरंग बावी म्हणतात. पंधराव्या शतकात, बहामनी राजवटीत, तांबड्या जांभ्या दगडाच्या पोटातून खोदलेला हा पाण्याचा बोगदा सुमारे तीन किलोमीटर लांब आहे आणि उजेडवाऱ्यासाठी त्यावर 21 उभ्या विहिरी आहेत. तेव्हा तो गाळाने भरला होता. त्याची सफाई फार उशिरा, 2010 नंतरच्या दशकात झाली. त्याचा उतार अधिक असता तर पाण्याने तळ खरवडला असता. कमी असता तर गाळ साचून पाणी थबकले असते. अंधारात, दिव्याच्या उजेडी, कोणी तो उतार साधला, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. उस्तादांनी त्यावर भाष्य केले नाही, आणि आम्हीही काही विचारले नाही.

आज यंत्रे संगणकावर चालतात आणि मापही तीच घेतात. तरीही गरम लोखंड आजही फुगते, आणि चुकलेले काम पेटीत दडपण्याचा मोहही सरलेला नाही. ज्यांची मुले उमेदवारीस निघाली असतील, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की शेजाऱ्यांना सांगताना स्वर खाली आणू नका. हाताचे काळे साबणाने जाते. चुकीचे माप आपणहून पुढे करावयाची सवय मात्र एकदा लागली, की जन्मभर जात नाही.