कोडं सुटतं, माया सुटत नाही

मैत्रिणींनो, आज एक कोडं घालते. समजा, तुम्ही एका भव्य नाट्यगृहात आहात. भोवती जुन्या थाटाच्या कितीतरी वस्तू आहेत. तुम्हाला सांगितलं आहे की, नजरेला पडणारी सगळ्यांत जुनी गोष्ट जिथून दिसेल, तिथे जाऊन उभं राहा. कुठे जाल? तव्यावर पोळी असेल तर ती आधी उतरवून घ्या, मग विचार करा.

हे कोडं आहे एका जपानी कार्टून-सिनेमातलं. सिनेमाचं नाव ‘प्रोफेसर लेटन अँड द इटर्नल दिवा’. (हा दिवा आपल्या देवघरातला नव्हे हं! ऑपेरातल्या थोर गायिकेला तिकडे असं म्हणतात.) मासाकाझु हाशिमोतो यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट डिसेंबर २००९ मध्ये जपानात लागला आणि पुढे इंग्रजीतही आला.

मुळात हा मुलांचा व्हिडिओ गेम. ‘व्हिडिओ गेम’ म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात, पण हा धडाधड गोळ्या झाडण्याचा खेळ नाही. उंच टोपी घालणारे, चहाचे शौकीन असे लंडनचे प्राध्यापक लेटन आणि त्यांचा छोटा शिष्य ल्यूक गावोगाव रहस्यं उलगडत फिरतात, आणि वाटेत जो भेटेल तो त्यांना कोडं घालतो. २००७ साली आलेल्या पहिल्या खेळात तीन लांडगे आणि तीन कोंबडीची पिल्लं नदीपार न्यायची आहेत. वाघ, शेळी आणि गवताची पेंढी आठवली ना? त्याचंच हे भावंडं.

या कोड्यांमागे होते मानसशास्त्राचे प्राध्यापक अकिरा तागो. १९६६ पासून त्यांची ‘डोक्याचा व्यायाम’ अशा अर्थाच्या नावाची कोड्यांची पुस्तकं जपानात घरोघरी वाचली गेली. ती लहानपणी वाचलेल्या अकिहिरो हिनो यांनी मोठेपणी खेळांची कंपनी काढली आणि लेटनच्या खेळासाठी तागोंनाच गाठलं. तागो २०१६ साली वारले.

आता अडचण बघा. खेळात कोडं सुटल्याशिवाय पुष्कळदा गोष्ट पुढे सरकत नाही. चुकलात तर गुण कमी होतात आणि युक्ती हवी असेल तर साठवलेलं नाणं खर्चावं लागतं. सिनेमा काही कुणासाठी थांबत नाही. आपण ‘हं, म्हणजे...’ म्हणेपर्यंत प्रोफेसर उत्तर सांगून मोकळे! शिकवणीत हुशार मुलानं आधीच उत्तर ओरडावं आणि बाकीच्यांनी पेन्सिली खाली ठेवाव्यात, अगदी तसं होतं. यावर माझा उपाय साधा आहे. घरी बघत असाल तर कोडं आलं की सिनेमा थांबवा आणि पाच मिनिटं सगळ्यांना डोकं चालवू द्या. वरच्या कोड्याचं उत्तर आहे आभाळातले तारे. काळोख्या, स्वच्छ रात्री नुसत्या डोळ्यांनी देवयानी दीर्घिका दिसते. तिचा जो उजेड आपल्यापर्यंत पोचतो, तो सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.

कोडी अशी निसटून जातात, तरी सिनेमा मनात राहतो तो त्यातल्या बापामुळे. (गोष्ट सांगून टाकते म्हणून रागावू नका.) प्रोफेसरांची जुनी विद्यार्थिनी जेनिस ही गायिका. तिची मेलिना नावाची मैत्रीण वारलेली असते, आणि एक लहान मुलगी येऊन म्हणते, ‘मीच मेलिना.’ जेनिसच्या पत्रावरून प्रोफेसर ऑपेराला येतात. तिथे प्रेक्षकांना बजावलं जातं की, कोडी सोडवून जो जिंकेल त्याला अमरत्व, हरेल त्याचा जीव जाणार! ते नाट्यगृह म्हणजे चक्क एक जहाज निघतं.

या साऱ्याच्या मुळाशी आहे मेलिनाचा बाप, संगीतकार व्हिसलर. पोटची पोर गेली हे त्याला सोसवत नाही. एका कारस्थानी माणसाच्या यंत्राच्या मदतीनं तो तिच्या आठवणी दुसऱ्यांच्या मुलींच्या मनात उतरवू पाहतो. त्याला दुष्ट म्हणवत नाही. गेलेल्या लेकराचा फ्रॉक वर्षानुवर्षं ट्रंकेत जपून ठेवणाऱ्या आया आपण पाहिल्या आहेत. पण ज्या मुलीच्या अंगी मेलिना यायची, तिचं स्वतःचं काय? तीही कुणाची तरी लेकच ना! हे बापाला दिसत नाही. ते दिसतं मेलिनाला. ती जेनिसच्या मनात राहत असते, जेनिसच्या संमतीनं. तरी मैत्रिणीचं आयुष्य आपण वापरायचं हे तिला पटत नाही, आणि शेवटी ती आपण होऊन निघून जाते.

बाकी यंत्रं, मारामाऱ्या, पाठलाग जरा जास्तच आहेत. त्यातला अर्धा वेळ कोड्यांना दिला असता तर बरं झालं असतं. इंग्रजी संवाद पाचवी-सहावीच्या मुलांना थोडे समजावून द्यावे लागतील. त्याहून लहान मुलं बरोबर असतील, तर मेलिना कुठे गेली, हे ती विचारणारच. तेव्हा तेवढी तयारी ठेवून बसा.