उस्मानाबादी शेळी : वजन व शरीरस्थिती यांची पारख

उस्मानाबादी ही मांस व दूध या दोहोंसाठी पाळली जाणारी महाराष्ट्रातील शेळीची जात होय. तुळजापूर, लातूर व उदगीर हे तालुके तिचे मूळ क्षेत्र मानले जातात. त्यांपैकी लातूर व उदगीर १९८२ मध्ये निर्माण झालेल्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाले. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, तरी जातीचे नाव पूर्वीचेच रूढ आहे. बहुसंख्य शेळ्या काळ्या असून जुळी करडे होण्याचे प्रमाण चांगले आहे. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन सरासरी ३२ किग्रॅ. व नराचे ३४ किग्रॅ.च्या आसपास असते.

ही सरासरी समोरच्या शेळीस लावून ती सुदृढ आहे की नाही हे ठरविणे मात्र धोक्याचे असते. शेळी रवंथ करणारी असल्याने तिच्या पोटातील चारापाण्याचा भार मोठा असतो. सकाळी उपाशी तोललेली आणि सायंकाळी चरून आलेली शेळी यांच्या वजनांत काही किग्रॅ.चा फरक सहज पडतो. गाभण शेळीच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. गर्भकाल सुमारे १५० दिवसांचा असून गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात जुळी असलेली ३२ किग्रॅ. वजनाची शेळी काट्यावर सरासरी गाठते, पण ती अंगाने कृशच असू शकते. सशाच्या बाबतीत दाट केसांमुळे नजर फसते, शेळीच्या बाबतीत पोटामुळे. उपाय दोहोंत एकच, तो म्हणजे हाताने चाचपणे.

आठवडी बाजारात शेळीची किंमत पुष्कळदा अंदाजानेच ठरते. मुरलेला व्यापारी पोटाकडे न पाहता कमरेवरून हात फिरवितो. पशुवैद्यकात याच रीतीला नेमकेपणा देऊन शरीरस्थितीच्या १ ते ५ अशा श्रेणी ठरविल्या आहेत. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर हात ठेवून अंगठ्याने कण्याचे टोक व बोटांनी मणक्यांचे आडवे प्रवर्ध चाचपावेत. पहिल्या श्रेणीत कणा धारदार लागतो आणि आडव्या प्रवर्धांच्या खाली बोटे सहज शिरतात. तिसऱ्या श्रेणीत कणा गोलसर लागतो व प्रवर्धांची टोके किंचित दाबल्यावरच जाणवतात. पाचव्या श्रेणीत हाडांचा मागमूस लागत नाही. मधल्या स्थितीस अर्धा गुण देतात.

मेंढीच्या बाबतीत एवढी परीक्षा बहुधा पुरते, शेळीच्या बाबतीत पुरत नाही. शेळीची चरबी प्रथम आतड्यांभोवती व वृक्कांभोवती साठते, कातडीखाली ती कमीच असते. त्यामुळे पुढच्या पायांमधील छातीच्या हाडावरील चरबीची गादीही चिमटीत धरून पाहावी लागते. ती पातळ व सैल असेल, तर साठा संपत आला असे समजावे. ती जाड असून हलविता येत नसेल, तर शेळी माजलेली असते. मुक्त चरणाऱ्या कळपात असे क्वचित आढळते. दाव्याला बांधून धान्य चारलेल्या शेळीत मात्र आढळते.

काटा नसेल तेथे फितीने अंदाज करता येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंमी.मध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, या गुणाकारास १०,८४० ने भागले असता वजन किग्रॅ.मध्ये मिळते. घेर ७२ व लांबी ६६ सेंमी. असल्यास वजन सु. ३१·५ किग्रॅ. येते. हे सूत्र स्थूल आहे. औषधाची मात्रा ठरविण्यास ते डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरे, इतकेच. वाढ पाहावयाची असेल, तर एकाच काट्यावर, सकाळी चारापाण्यापूर्वी तोलावे.

या पारखीचे महत्त्व धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण भागात विशेष आहे. येथे अनेक भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांची अडचणीच्या वेळची पुंजी म्हणजे दोन-चार शेळ्या. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा व झाडपाला यांवर भागविताना शेळी दुसऱ्या श्रेणीखाली घसरली, तर ती वेळेवर माजावर येत नाही आणि जुळ्यांना पुरेसे दूध देऊ शकत नाही. गाभणकाळाच्या अखेरीस अतिकृश व अतिस्थूल या दोन्ही प्रकारच्या शेळ्यांना, विशेषतः पोटात जुळी असल्यास, गर्भविषबाधा होण्याचा संभव असतो. ती बहुधा जिवावर बेतते. फळविण्याच्या वेळी अडीच ते तीन व विण्याच्या वेळी तीन ते साडेतीन श्रेणी इष्ट होय. घटलेले अंग भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात, म्हणून परीक्षा फळविण्याच्या दीड-दोन महिने आधीच करावी.

पावसाळ्यात हिरवा चारा मुबलक असूनही कणा टोचू लागला, तर दोष चाऱ्याचा नसून बहुधा जठरातील रक्तशोषक कृमींचा असतो. अशा वेळी खालची पापणी उलटून पाहावी. आतील त्वचा लालसर नसून फिकट पांढरी दिसल्यास, अथवा जबड्याखाली सूज आली असल्यास, खुराक वाढविण्यापूर्वी पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे लागते.