छोट्या धंद्याचें कर्ज आणि जामीनदाराची सही

सेवानिवृत्त शिक्षकाच्या घरीं जुने विद्यार्थी येतात ते बहुधा दोन कारणांनीं : लग्नाची पत्रिका द्यावयास, अथवा सही मागावयास. पत्रिकेचा खर्च आहेरावर भागतो. सहीचा खर्च किती होईल हें मात्र सही करणारास त्या क्षणीं कळत नाहीं. आम्हांस तें कळावयास अडीच वर्षें लागलीं. वडील माणसाच्या एका सहीनें साऱ्या एकत्र कुटुंबावर काय येऊं शकतें हें आमच्या वाचकांनीं जाणून घ्यावें, म्हणून गोष्ट घरचीच असूनहि ती येथें सांगत आहों.

प्रथम आमच्या गांवाविषयीं दोन शब्द. गोंदिया जिल्हा हा मूळचा भंडारा जिल्ह्याचाच पूर्वेकडील भाग. १ मे १९९९ रोजीं तो वेगळा झाला. आठ तालुके, वैनगंगेचें पाणी, जुन्या मालगुजारीच्या काळचे तलाव आणि जिकडे पाहावें तिकडे धान. शहराचा लौकिक भातगिरण्यांचा. बाहेरगांवच्या माणसास गिरणी म्हटली कीं शेठजी आठवतात. परंतु एकेका गिरणीच्या आश्रयानें किती लहान माणसें जगतात! बारदान पुरविणारा, मोटारी दुरुस्त करणारा, चाळण्या आणि एलिव्हेटरच्या बादल्या ठोकून देणारा वेल्डर, कोंडा व तूस उचलणारा गाडीवाला, हमालांस चहा-पोहे देणारी बाई. या सर्वांचें पंचांग धानाच्या हातीं. पावसाळ्यांत रोवणी, दिवाळीच्या आगेंमागें कापणी, मग मळणी, मग भरडाई. गिरणीची डागडुजी मात्र त्याच्या आधीं, भाद्रपद-आश्विनांत, उरकावी लागते. म्हणजे वेल्डरास पत्रा, लोखंड, बेअरिंगें हीं विकत घ्यावयाचीं तीं कोणाच्याच गांठीं पैसा नसतांना. आणि त्याचे पैसे मोकळे व्हावयाचे ते धानाचा तांदूळ होऊन तांदळाचे पैसे झाल्यावर. सरकारी धान भरडावयास घेतलें, तर शंभर किलो धानामागें सदुसष्ट किलो साधा तांदूळ गिरणीवाल्यानें परत करावयाचा असतो. तो जमा होऊन मोबदला हातीं येईपर्यंत गिरणीवालाहि वाटच पाहतो, आणि आपली वाट तो खालच्यावर ढकलतो. मधले हे पांच-सहा महिने कसे काढावयाचे, एवढाच खरें म्हणजे छोट्या धंद्याच्या कर्जाचा प्रश्न आहे.

हे महिने विकणारे लोक सर्व युगांत होते. आमच्या झाडीपट्टींत पूर्वीं तें काम धानानेंच चाले. पेरणीला एक खंडी घ्यावी, पिकावर सवाईनें किंवा दिढीनें फेडावी. एका हंगामाला पंचवीस किंवा पन्नास टक्के! मध्यप्रांताच्या सरकारनें १९३४ सालीं सावकारीस लगाम घालणारा कायदा केला, त्यामागें हीच कथा होती. आमच्या संस्कृताच्या व्यासंगामुळें येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कौटिल्यानें दरमहा शेकडा सव्वा हें व्याज धर्म्य मानलें आहे. व्यापारांतील दर पांच, अरण्यांतून माल नेणाऱ्यास दहा, समुद्रावर जाणाऱ्यास वीस. जसा धोका तसें व्याज, हें तत्त्व आजच्या बँकवाल्यांनीं शोधून काढलेलें नाहीं. आतां सव्वाला बारांनीं गुणा : सालीना पंधरा होतात. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखालीं परवानाधारक सावकारास शेतकऱ्याखेरीज इतरांकडून तारणी कर्जावर घेतां येईल असा जो दर शासनानें ठरविला, तो पंधराच! विनातारण कर्जास अठरा, आणि शेतकऱ्यास अनुक्रमें नऊ व बारा. दोन हजार वर्षांचा हिशेब इतका जुळावा याचें आम्हांस कौतुक वाटतें. विनापरवाना सावकाराच्या वहीशीं मात्र तो जुळत नाहीं. तेथें अजूनहि महिन्याचा दर सांगतात, कारण वर्षाचा सांगितला तर गिऱ्हाईक दचकेल.

बँका या जगांत उशिरा आल्या. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ चा. पुण्यास १९३५ सालीं बँक ऑफ महाराष्ट्र निघाली, ती लहान धंदेवाल्यांस भांडवल मिळावें हा हेतु धरूनच. १९६९ सालीं चौदा बँका राष्ट्राच्या झाल्या आणि मग तालुक्याच्या गांवांत शाखा दिसूं लागल्या. शाखा आली तरी लहान माणूस दाराशींच थांबे, कारण बँकेस कागद लागतो, आणि वेल्डराची सारी पत त्याच्या हातांत व गिरणीवाल्याच्या तोंडांत असते. सावकार त्यास लहानपणापासून ओळखतो. बँकेचा व्यवस्थापक तीन वर्षांनीं बदलून जातो. सावकाराचें व्याज जबर असतें हें ऋणको जाणतो. पण त्यांत ओळखीची आणि तातडीची किंमत धरलेली असते, आणि ती तो जाणूनबुजून देतो. त्यास मूर्ख म्हणणें सोपें आहे. ज्यानें कधीं आठवड्याच्या आंत चाळीस हजारांचा पत्रा आणावयाचा प्रसंग अनुभवला नाहीं, त्यानें तें म्हणूं नये.

असाच एक हुशार मुलगा, आमच्या हाताखालीं शिकलेला, गणितांत उत्तम आणि संस्कृतांत कच्चा, २०२१ च्या भाद्रपदांत घरीं आला. गिरण्यांचे सुटे भाग करण्याचें त्याचें लहानसें वर्कशॉप होतें. बँकेंत विचारलें तर दोन वर्षांचीं विवरणपत्रें, जागेचा करार आणि आणखी दहा कागद. एक पतसंस्था आठ दिवसांत तीन लाख द्यावयास तयार होती. व्याज बँकेपेक्षां चढें, आणि दोन जामीन हवे.

“गुरुजी, एक त्याचा मामा आहे, दुसरी आपली सही झाली तर काम होतें,” तो म्हणाला.

आम्हीं विचारलें, “हप्ता चुकणार नाहीं ना रे?”

“आपली सही आहे म्हटल्यावर चुकवीन कसा?”

या उत्तरानें आम्ही प्रसन्न झालों. वस्तुतः तें आमच्या प्रश्नाचें उत्तरच नव्हतें. त्यास गिरणीवाल्यांकडून येणें किती, तें केव्हां येतें, बिलावर कोणाची सही असते, यांपैकीं एकहि गोष्ट आम्हीं विचारली नाहीं. विद्यार्थ्याचा स्वभाव आम्हांस ठाऊक होता, आणि स्वभाव म्हणजेच पत अशी आमची समजूत होती.

पहिलें वर्ष नीट गेलें. दुसऱ्या वर्षीं त्यानें एका मोठ्या गिरणीचें काम घेतलें, सगळें भांडवल त्यांत घातलें, आणि पैसे अकरा महिने आले नाहींत. बिल तोंडी होतें, वायदाहि तोंडी. तो रोज जाई, रोज चहा पिऊन परत येई. हप्ते थकले. मामानें हात वर केले. मग पतसंस्थेची नोटीस आली ती आमच्या नांवानें. सूनबाईंनीं ती पोस्टमनकडून घेतली, आणि संध्याकाळच्या जेवणाला घरांत कोणी बोललें नाहीं. धाकटे बंधु शेवटीं एवढेंच म्हणाले, “दादा, आम्हांला एकदां विचारलें असतें तर!” २०२४ च्या मार्चांत आम्हीं नातीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली ठेव मोडून एक लाख दहा हजार भरले. सौ.नीं कांहीं म्हटलें नाहीं. त्यांनीं कांहीं म्हटलें असतें तर बरें झालें असतें.

पैसे भरल्यावर आम्हीं तो विषय वाचावयास घेतला, हा क्रम उलटा झाला हें कबूल. याज्ञवल्क्यानें जामीनकीचे, म्हणजे प्रातिभाव्याचे, तीन प्रकार सांगितले आहेत : माणूस हजर करीन हा एक, माणूस विश्वासू आहे हा दुसरा, आणि त्यानें न दिल्यास मी देईन हा तिसरा. पहिल्या दोहोंतला जामीन वारला तर मुलांवर बोजा नाहीं ; तिसऱ्यांतला वारला तर मुलांनीं फेडावें. आम्हीं सही केली ती मनांत दुसरा प्रकार धरून, आणि कागदावर होता तिसरा. आजचा छापील जामीनखत हा नेहमीं तिसराच असतो. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें, करारांत वेगळें लिहिलें नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. आधीं त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असें म्हणण्याची सोय नाहीं. मुलांपुरतें बोलावयाचें तर वडिलांचें ऋण केवळ पुत्रधर्म म्हणून फेडण्याचें जुनें बंधन २००५ च्या हिंदु वारसा दुरुस्तीनें पुढील कर्जांना उरलें नाहीं. तरी वडिलांनीं मागें ठेवलेल्या मालमत्तेपर्यंत धनकोचा हात पोंचतोच. शिवाय हल्लीं पतनोंदणीच्या संस्थांकडे जामीनदाराचीहि नोंद असते. हप्ता दुसऱ्याचा चुकला तरी डाग आपल्या नांवावर पडतो, आणि पुढें मुलाच्या घरकर्जांत सहकर्जदार व्हावयास गेलें कीं तो दिसतो. अशी नोंद कोणासहि वर्षांतून एकदां फुकट मागतां येते. आमच्या वयाच्या लोकांनीं ती मुलांकडून मागवून घ्यावी. एखादी विसरलेली सही त्यांत सांपडण्याचा संभव आहे.

त्याच कायद्याचें १४० वें कलम मात्र दिलासा देणारें आहे. जामीनदारानें पैसे भरले कीं धनकोचे हक्क त्याच्याकडे येतात. म्हणजे आम्ही विद्यार्थ्यावर दावा करूं शकत होतों. केला नाहीं. कारण तोंवर आम्हांस उमगलें होतें कीं हा मुलगा बुडव्या नव्हता. त्याचेच पैसे दुसऱ्यानें बिनव्याजी वापरले होते. आम्हीं भरलेले एक लाख दहा हजार खरें पाहतां त्या गिरणीला दिलेलें कर्जच म्हणावयाचें. फरक इतकाच कीं तिनें तें आमच्याकडे मागितलें नव्हतें.

या दुखण्यावर औषध होतें, आणि तें आम्हां दोघांसहि माहीत नव्हतें. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो कीं नोंदलेल्या लहान उद्योजकाकडून माल वा सेवा घेतल्यास लेखी करारांतल्या तारखेपर्यंत, पण कोणत्याहि परिस्थितींत पंचेचाळीस दिवसांच्या आंत, पैसे दिले पाहिजेत. लेखी तारीख नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ. तक्रार ऐकावयास परिषद आहे. नोंदणी फुकट आहे ; २०२० च्या जुलैपासून तिला उद्यम-नोंदणी म्हणतात. मात्र ती काम करण्याच्या आधीं केलेली असावी, मागाहून नव्हे.

आम्हीं हें विद्यार्थ्यास उत्साहानें वाचून दाखविलें. तो हंसला. म्हणाला, “गुरुजी, तक्रार केली कीं पुढल्या हंगामाला दार बंद. एका गिरणीचें नाहीं, सगळ्यांचें.” खरें होतें तें. पाण्यांत राहून माशाशीं वैर करण्याचा कायदा सरकार करूं शकतें, वैर करण्याची ऐपत देऊं शकत नाहीं. परंतु २०२३ च्या वित्त कायद्यानें एक मार्मिक गोष्ट केली. अशा सूक्ष्म वा लघु उद्योजकाचें देणें मुदतींत चुकतें केलें नाहीं, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च खरेदीदारास आयकरांत वजा मिळत नाहीं. २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून हें लागूं झालें. आतां मार्चअखेर गिरणीचा हिशेबनीसच मालकास विचारतो कीं अमुक वेल्डराचें बिल राहिलें आहे, तो नोंदलेला आहे काय? भांडण न करतां पैसे मागण्याची युक्ति मिळाली ती ही. अट एकच : बिल कागदावर हवें, आणि त्यावर तारीख व नोंदणी-क्रमांक हवा.

सहीची गरजहि पूर्वींइतकी उरलेली नाहीं. २००० सालीं लहान उद्योगांसाठीं पतहमी निधि निघाला. त्यांत तारण व तिसऱ्याची जामीनकी न घेतां बँकेनें कर्ज द्यावें आणि बुडाल्यास ठराविक भाग निधीनें सोसावा अशी योजना आहे. वार्षिक हमी-शुल्क द्यावें लागतें. गुरुजींच्या ठेवीपेक्षां तें स्वस्त. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेलें मुद्रा कर्जहि तारणावांचूनच : शिशु पन्नास हजारांपर्यंत, किशोर पांच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत, आणि तें फेडलेल्यास २०२४ पासून वीस लाखांपर्यंत. शाखेंत हेलपाटे पडतात हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी ज्याच्या खात्यांत वर्षभराची जमा दिसते, ज्याच्याजवळ उद्यम-नोंदणी आणि तारखेचीं बिलें आहेत, त्यास पतसंस्थेच्या आठ दिवसांचा मोह आवरतां येतो. पतसंस्थांमध्यें दोन जामिनांची जुनी चाल चालूच आहे, आणि आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांची सही तेथें विशेष आवडते, हें आमच्या समवयस्कांनीं विसरूं नये.

आमच्या घरीं आतां असें ठरलें आहे कीं कोणीहि सही करावयाची ती जेवणाच्या वेळीं सर्वांसमक्ष कागद वाचून. बंधूंनीं त्यांत भर घातली आहे : सही मागणाऱ्यानें आपली येणें-वही बरोबर आणावी. गेल्या वर्षीं दोघे येऊन गेले. एकाची वही पाहून आम्हीं त्यास बँकेंत नेलें. दुसऱ्यानें वही आणलीच नाहीं.

आमचा विद्यार्थी दर महिन्याच्या पांच तारखेला तीन हजार रुपये आमच्या खात्यांत भरतो. दसऱ्याला सोनें द्यावयास आला तेव्हां निम्म्याहून अधिक रक्कम परत आली होती. मुद्रा कर्जाचा कागद दाखवून झाल्यावर त्यानें खिशांतून बिलाचें पुस्तक काढलें आणि शेवटचें पान सूनबाईंच्या हातांत दिलें. त्यावर पैसे देण्याची तारीख होती, आणि खालीं गिरणीवाल्याची सही.