बोलताना घसा का कोरडा पडतो?

चारचौघांत बोलायला उभे राहिले, की अनेकांचा घसा कोरडा पडतो, छाती धडधडते आणि तळहाताला घाम सुटतो. हा भित्रेपणा नाही. आपली पारख होते आहे, असे मेंदूला वाटले की तो शरीराला धोक्याची सूचना देतो. मग ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये यासाठी एक चाचणी मांडली. त्यात निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी गणित करावे लागते. अशा वेळी बहुतेकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल वाढते.

बीडजवळच्या कपिलधार येथील चित्र याच्या अगदी उलट. मन्मथस्वामींच्या या समाधिस्थळी कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला पायी दिंड्या येतात, भजन आणि शिवकीर्तन होते. एरवी ग्रामसभेत तोंड न उघडणारा माणूसही दिंडीत मोकळ्या गळ्याने गातो आणि डोळे भरून आले, तर ते लपवत नाही. येथे परीक्षक नसतात. चाल ओळखीची, टाळ-मृदंगाची साथ आणि ध्रुपद धरायला मागे मंडळी असतात. चूक झाली, तरी सूर सांभाळून घेतला जातो.

भावना कुठे दाखवायची आणि कुठे गिळायची, हे प्रत्येक समाज शिकवतो. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी जपानी व अमेरिकी विद्यार्थ्यांना अस्वस्थ करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. एकटे असताना दोघांचे चेहरे सारखेच बदलले. संशोधक समोर असताना मात्र जपानी विद्यार्थ्यांनी नाराजी हसून झाकली. म्हणजे भावना सारखी, रीत वेगळी. त्यामुळे गप्प राहणारा प्रत्येक जण आजारी असतो, असे नाही. संयमाला मान देणाऱ्या संस्कृतीत वाढलेल्यांना भावना आवरण्याचा त्रास कमी होतो, असे २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले.

प्रश्न येतो तो बोलायला एकही जागा उरली नाही तेव्हा. जात्यावरच्या ओवीत बाई सासरचे दुःख सांगून टाकत असे. जाते गेले, तशी ती जागाही गेली. पुरुषाला तर ‘बाप्या माणूस रडतो का’ हेच ऐकावे लागते. नापिकी आणि कर्जाने वेढलेल्या घरात हे मौन जिवावर बेतू शकते.

भाषणाआधी धडधड वाढली, तर ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असे स्वतःला सांगावे. २०१४ च्या एका प्रयोगात असे सांगणाऱ्यांची भाषणे अधिक चांगली झाली. घरातले कोणी अचानक अबोल झाले, जेवण-झोप तुटली किंवा ‘आता जगून काय करायचे’ असे म्हणू लागले, तर उपदेश न करता शेजारी बसावे, थेट विचारावे आणि ऐकून घ्यावे. त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.