फ्लोटर्सच्या ऑपरेशननंतरची वर्षे

डोळ्यांपुढचे तरंगते ठिपके जावेत म्हणून तुम्ही व्हिट्रेक्टॉमी करून घेतली असेल, तर काढलेली जेली पुन्हा तयार होत नाही. तिची जागा डोळ्यातलेच पाणी घेते. त्याने नजर बिघडत नाही. मोतीबिंदू मात्र लवकर वाढतो, पन्नाशीनंतर बहुतेकांना २ वर्षांतच. चष्म्याचा नंबर बदलू लागला, की रुग्ण म्हणतात, “डॉक्टर, ऑपरेशन फसलं.” बहुधा तो मोतीबिंदूच असतो. तो काढण्याआधी जुने कागद सर्जनला आवर्जून दाखवा. आधीच भिंग बसवले असेल, तर ही काळजी नाही.

पडदा सुटण्याचा धोका थोड्यांनाच, पण काही वर्षांनीही असतो. चमक, अचानक वाढलेले ठिपके किंवा कडेने सरकणारी सावली दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. आधी माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येण्यात वेळ घालवू नका.